आतली कडी

“अप्पा, आता तोंडातून आवाज काढायचा नाही,” गिरिजा म्हणाली. “खोकला आला तरी गिळायचा.”

आमच्या ह्यांना असं सांगायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. कराडमध्ये शेटे ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे विश्वनाथ शेटे, आणि विश्वनाथ शेटे म्हणजे चाक दुसऱ्याच्या हातात असतानाही अखंड चालणारं तोंड. क्लच दाब, आरसा बघ, ती म्हैस बघ, म्हशीमागची बाई बघ! अर्धं कराड त्या तोंडाखाली गाडी शिकलं. पण त्या सकाळी त्यांनी निमूटपणे मान हलवली. दिवाळीनंतर लेक त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि आता होळी तोंडावर आली होती.

आम्ही तिघं कोकणातल्या एका देवराईत, बांबूंना बांधलेल्या हिरव्या कापडाच्या आडोशामागे बसलो होतो. नुकतं उजाडत होतं. राईच्या वेशीवर चपला काढून ठेवायच्या हा तिथला रिवाज, त्यामुळे पाय अनवाणी आणि गार पडलेले. मोठी झाडं मी पाहिली नव्हती असं नाही. कृष्णेकाठचे वड लहानपणापासून पाहत आले. पण इथं मान वर करावी तर झाड संपतच नव्हतं. खोडाला मांडीएवढ्या जाड वेली वळसे घालून चढलेल्या, त्यांच्यामागे नजर न्यावी तर वर पानं, पानांच्या वर आणखी दुसऱ्या झाडाची पानं, आणि त्याच्याही वर कुठंतरी उजेड. पिढ्यान्‌पिढ्या इथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेलेली नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. सगळं देवाचं. देवळात गेल्यावर होतं तसंच मला झालं, फक्त हात कुठल्या दिशेला जोडायचे ते कळेना.

समोरच्या उतारावर एक जुना बेहडा होता. त्याच्या खोडात, माडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर एक ढोली होती, आणि ती ढोली कुणीतरी घर लिंपावं तशी लिंपून बंद केलेली. मध्ये तेवढी एक उभी फट. गिरिजानं त्या फटीकडे बोट केलं आणि आमच्याकडे वळून पाहिलं. तिचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी उजेडात पाहत होते.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी सांगायला बसले की मला आधी तो चेहरा आठवतो, आणि मग त्याच्या आधीचं सगळं.

गिरिजा तेव्हा अकरावीत होती. हसरी, धांदरट, घरभर वस्तू सांडत फिरणारी पोरगी. कॉलेजात काहीतरी घडलं. काय, ते तिनं पुढे आम्हाला सांगितलं. पण ते तिचं आहे, मी इथं सांगत बसणार नाही. आम्हाला दिसलं ते एवढंच, की ती खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. आधी अभ्यास म्हणून, मग डोकं दुखतंय म्हणून, पुढे कारण देणंही थांबलं. मी रांधायची आणि ताट हे न्यायचे. दुपारचा क्लास अर्धा सोडून घरी यायचे, दारावर टिचकी मारायचे. दार ताटापुरतं उघडायचं, ताट आत जायचं, पुन्हा कडी. रिकामं ताट बाहेर येईपर्यंत हे दाराबाहेरच्या लाकडी स्टुलावर बसून राहायचे.

“तुम्हीही जेवून घ्या की,” मी म्हणायची.

“तू हो पुढं,” ते म्हणायचे. एरवी तोंडाला खीळ नसलेला माणूस त्या स्टुलावर मात्र मूग गिळून बसायचा.

दिवाळी झाली आणि एका दुपारी टिचकीला उत्तर आलं नाही. हाका मारल्या, दार बडवलं, काही नाही. ह्यांनी धावत जाऊन गाडीतली चाकं खोलायची टॉमी आणली आणि दार फोडलं. पोरीच्या मनगटाला मी माझा पदर गुंडाळला, एवढंच सांगते. वेळेवर पोचलात, असं दवाखान्यात म्हणाले. दार फोडलं म्हणून लेक वाचली, ह्यात कसलाही वाद नाही.

पण घरी आणल्यावर ह्यांनी कडीच उपटून टाकली. नुसती तिच्या खोलीची नाही, न्हाणीघराचीसुद्धा. “ह्या घरात पुन्हा कडी दिसायची नाही,” म्हणाले. फुटलेल्या दारावर खालीवर दोन फळ्या ठोकल्या. कडीच्या जागी भोक राहिलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकणारच. गिरिजानं मग दाराला आतून खुर्ची टेकवायला सुरुवात केली आणि ह्यांच्याशी बोलणं सोडलं. ताट मलाच न्यावं लागे. माझ्याशी हं आणि उंहू. औषधं दिली तर घ्यायची, पण खोलीबाहेर पाऊल टाकायची नाही.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. दीर म्हणाले, शिस्तीच्या वसतिगृहात घाला, महिन्यात सुतासारखी सरळ होईल. माझी बहीण म्हणाली, कोल्हापूरला माझ्याकडे धाड. गिरिजाला ज्या बघत होत्या त्या मनाच्या डॉक्टरीणबाई मात्र वेगळंच बोलल्या. म्हणाल्या, औषध आपलं काम करतंय, पण पुढे काहीतरी हवं. कोकणात काही जाणकार माणसं अशा मुलामुलींना महिनाभर रानात ठेवतात. चालायचं, चुलीवर शिजवायचं, झाडंपाखरं बघायची. सोबत समुपदेशक असतात, औषधपाणी सुटत नाही, पोरांना एकटं सोडत नाहीत. आणि शेवटी आईबापांना जावंच लागतं. “पोर पाठवून दिली, दुरुस्त करून परत करा, असं तिथं नसतं,” त्या हसून म्हणाल्या.

हे घरी येईपर्यंत कसेबसे गप्प बसले.

“जी खोलीबाहेर येईना, तिला जंगलात धाडायची? आगीतनं फुफाट्यात! आगं, तिथं कडीच काय, दारसुद्धा नसतंय. हितं डोळ्यांत तेल घालून राखतोय आपण तिला—”

“राखतोय,” मी म्हणाले. “पण कुठवर?”

“मी जिवंत आहे तोवर.”

“आणि ती? ती जगणार कधी?”

माझ्या तोंडून ते निघून गेलं. हे किल्ल्या घेऊन बाहेर पडले आणि दिवस मावळल्यावर परत आले. आल्यावर म्हणाले, “तुला करायचं ते कर. माझ्या पोरीला काटा जरी रुतला ना, तर बघ.” त्यांच्या भाषेत हा होकार होता.

खरा होकार मात्र गिरिजाचा लागणार होता. मुलीनं स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय ते लोक नेत नसत. त्यासाठी त्यांच्यातल्या समुपदेशक मीनल मांडवकर आमच्या घरी आल्या. पस्तिशीच्या आतबाहेर, उन्हानं रापलेल्या, मानसशास्त्र शिकून पुन्हा आपल्या मुलखात राहायला गेलेल्या. मला वाटलं आता ह्या दारापाशी उभ्या राहून समजुतीचं काहीतरी बोलतील. तर त्या ह्यांच्या स्टुलावर बसल्या, पिशवीतून एक बी काढली, लांबट, तपकिरी, जायफळासारखी, आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवली. मग माझ्याकडे चहा मागितला. चहा पिताना पावट्याच्या आमटीत आम्ही कूट घालतो का, ह्याची चौकशी केली. हे अंगणात येरझाऱ्या घालत होते. मलाही वाटलं, ही बाई कामाची की नुसतीच गप्पिष्ट?

चहाचा कप खाली ठेवला आणि आतून आवाज आला, “कशाची आहे?”

“रानजायफळाची,” मीनलताई म्हणाल्या. “एका झाडाखाली पडलेली होती. त्या झाडात एकीनं स्वतःला कोंडून घेतलंय. तिनं खाऊन टाकलेली बी आहे ती.”

मग, “कोण ती?”

“ते मला सांगता येत नाही गं. दाखवता येतं.”

मग फरशीवरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घातलं.

महिना गेला. मधूनमधून मीनलताईंचा निरोप यायचा: चालते आहे, जेवते आहे, भाकरी जाळते आहे. ह्यांनी एकदा विचारलं, “माझ्याबद्दल काही?” मी नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

मग आम्हाला बोलावणं आलं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या पुढे एका वाडीपर्यंत आमची गाडी, तिथून पुढे त्यांची जीप. जीप मीनलताई चालवत होत्या आणि हे शेजारी. ह्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो; शिकणारा चुकला की हे दाबतात. त्या सवयीनं प्रत्येक वळणावर ह्यांचा उजवा पाय जीपच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता. मीनलताईंनी एकदा खाली पाहिलं आणि हसू दाबलं.

मुक्कामावर पोचल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं.

“एक गोष्ट आधीच सांगते. गिरिजाला घरी यायचं नाहीये. कोल्हापूरला मावशीकडे राहीन, म्हणते.”

ह्यांनी तोंड उघडलं, पण मीनलताईंनी हात वर केला.

“अजून पक्कं नाही. उद्याचा दिवस तिचा. ती नेईल तिथं जायचं, बसवेल तिथं बसायचं. संध्याकाळी ती काय ते सांगेल. तोवर तुम्ही विचारायचं नाही, समजावायचं नाही, रडायचं नाही.”

“आणि ती मावशीकडे जाते म्हणाली तर?” ह्यांनी विचारलं.

“तर तुम्ही तिला सोडायला कोल्हापूरला जाल, शेटेसाहेब.”

असे आम्ही त्या हिरव्या कापडामागे येऊन बसलो होतो.

उजेड हळूहळू खाली उतरत होता. आधी शेंडे उजळले, मग फांद्या. कुठूनतरी एक पाखरू शीळ घालू लागलं, माणसानं रमतगमत घालावी तशी, आणि दरीतून दुसऱ्यानं तिला उत्तर दिलं. समोरच्या फटीत काहीतरी हललं. एका मोठ्या, पिवळ्या चोचीचं टोक बाहेर आलं, क्षणभर थांबलं आणि परत आत गेलं.

ह्यांनी माझा हात दाबला. मग गिरिजाच्या कानाशी वाकून, आयुष्यात पहिल्यांदा, खरोखर कुजबुजले, “गिरू, पाखरू अडकलंय आत.”

“अडकलं नाही. मादी आहे. तिनंच आतून लिंपून घेतलंय.”

“तिनं? कशापायी?”

“अंडं आहे ना. पिल्लूही असेल आता.” गिरिजाचा आवाज माझ्यापर्यंत जेमतेम पोचत होता. “धनेश म्हणतात. इथली माणसं गरुड म्हणतात. नर रोज फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. ती महिनोन्‌महिने बाहेर येत नाही.”

“आणि... घाण?”

“तीही फटीतूनच बाहेर टाकते. घर स्वच्छ ठेवते.”

“तुझ्यापेक्षा बरी मग,” मी म्हणाले. आणि गिरिजाच्या ओठाचा कोपरा हलला. ते हसूच होतं, मी पैजेवर सांगते.

“उन्हं त्या बांडगुळावर आली की तो येतो,” ती म्हणाली. “बघा हं. आधी आवाज येईल.”

उन्हं बांडगुळावर आली. बांडगुळावरून खाली फांदीवर आली. कुणी आलं नाही. चोच दोनदा बाहेर डोकावून गेली. गिरिजा आधी ताठ बसली होती, मग गुडघे पोटाशी घेऊन बसली, मग नखं खायला लागली. घरात असताना नखं खायची, तशी.

“काल संध्याकाळीही तो आला नव्हता,” ती हळूच म्हणाली. “पलीकडच्या डोंगरावर तोड चालू आहे. तिकडच्या उंबरांवर जातो तो.”

पुढचं तिनं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. ऊन खोडावरून घसरत त्या फटीपर्यंत येऊन पोचलं. आता चोच बाहेर आली ती आत जाईना. तशीच थांबून राहिली, किंचित उघडी. इतक्या मोठ्या रानात, इतक्या उंच झाडाच्या पोटात, भिंतीआड बसून कुणीतरी वाट बघत होतं. मी माझ्या आयुष्यात इतकं शांत आणि इतकं जीवघेणं काही पाहिलं नव्हतं.

हे उठून उभे राहिले.

“वाडीत जातो,” ते म्हणाले. “शिडी आणतो, दोर आणतो, चार माणसं आणतो. मी चढतो वर. फोडू ती भिंत आणि काढू तिला बाहेर. उपाशी मरंल की ती!”

“अप्पा, बसा.”

“आगं, बसून कसं—”

गिरिजानं त्यांचं मनगट धरलं. दिवाळीनंतर तिनं बापाला हात लावला नव्हता.

“तिची पिसं झडलीत, अप्पा,” ती म्हणाली. “पंखांची, शेपटीची, सगळी. अशी कोंडून बसते तेव्हा जुनी झडतात आणि नवी यायला लागतात. आत्ता बाहेर काढलीत तर ती उडणार नाही. पडेल.”

हे तसेच उभे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“मग तिनं बाहेर यायचं कधी?”

“पिसं आली की. तिचं तिला कळतं. आतून चोचीनं टोचूनटोचून तीच फोडते.”

“आणि तोवर?”

“तोवर तो येतो.”

“आणि न्हाईच आला तर?”

गिरिजाचे डोळे भरले होते, पण तिनं त्यांचं मनगट सोडलं नाही. हे हळूहळू खाली बसले. दार फोडताना त्यांना जेवढं बळ लागलं असेल, त्याच्या दुप्पट बळ त्यांना तिथं खाली बसायला लागलं, हे मी बायको म्हणून सांगू शकते. त्यांचा उजवा पाय पाचोळ्यात टाचेपर्यंत दाबला गेला होता.

आम्ही बसलो. एक माकड येऊन आम्हाला न बघता गेलं. पानांतून उन्हाचे कवडसे सरकत राहिले. भूक लागली होती, पण जवळचं काही खायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला सांगितलं, देवा, त्या पाखराला धाड. माझ्या पोरीसमोर आज त्याला धाड.

आणि मग आवाज आला.

आधी मला वाटलं वारा सुटला. पण पान हलत नव्हतं. मग वाटलं, लोहाराच्या भट्टीतला मोठा भाता कुणी ओढतंय: हूऽश, हूऽश, हूऽश. आवाज दरीतून वर येत होता, मोठा होत होता, झाडांच्या डोक्यावरून येत होता. सगळी पाखरं गप्प झाली. गिरिजाची बोटं ह्यांच्या मनगटात रुतली. आणि शेंड्यांच्या फटीतून तो आत आला.

केवढा! माझे दोन्ही हात पसरले तरी त्याचे पंख उरले असते. काळेभोर, त्यांवर पांढरा पट्टा, गळा हळदीनं माखल्यासारखा, आणि त्या अवाढव्य चोचीवर जणू पिवळा मुकुट. इतकं मोठं धूड, पण बेहड्याला आलं ते अलगद. खोडाला नखं रोवून तो ढोलीपाशी लटकला तेव्हा सालपटाचे तुकडे खाली पडलेले मी ऐकले. त्यानं मान मागे टाकली, गळ्यातून एक लाल उंबर वर काढलं, चोचीच्या टोकावर धरलं आणि फटीत दिलं. त्या राक्षसी चोचीनं, इतक्या नाजूकपणे, की आई बाळाला भात भरवते तोच हात मला आठवला. आतल्या चोचीनं ते घेतलं. त्यानं पुन्हा मान टाकली. पुन्हा एक उंबर. पुन्हा एक. किती आणलं होतं त्यानं गळ्यात, देव जाणे. एकेक फळ, न सांडता, न घाई करता. एवढा वेळ कुठं होता, काय सोसून आला होता, त्याचं त्यालाच ठाऊक. शेपटीचं एक पीस मोडून लोंबत होतं.

मी हात जोडले. कुठल्या दिशेला जोडायचे ते आता कळलं होतं.

देणं संपल्यावरही तो लगेच गेला नाही. फटीशी डोकं नेऊन थोडा वेळ नुसता थांबला. मग उडाला, आणि तो भात्याचा आवाज दरीत उतरत उतरत संपला.

मी वळून पाहिलं तर हे रडत होते. तोंडातून आवाज न काढता. सांगितलं होतं ना.

“अप्पा,” गिरिजा समोरच बघत म्हणाली, “ताट देऊन तुम्ही स्टुलावर बसायचात. मला माहीत होतं.”

ह्यांनी मान वर केली.

“दाराखालच्या फटीतून तुमच्या पायांची सावली दिसायची. मी जेवेपर्यंत हलायची नाही. काही दिवस मी फक्त त्यासाठी जेवले.”

“गिरू...”

“तुम्ही दार फोडलंत, त्याचा मला राग नाही. फोडलंत म्हणून मी आहे. पण मग त्याला कडी परत लावली नाहीत, अप्पा. त्याचा आहे.”

ह्यांच्यासारख्या माणसाला त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. भीती वाटली म्हणून, जीव टांगणीला लागला होता म्हणून, तू आमची एकुलती एक म्हणून. त्यातलं त्यांनी एक अक्षर काढलं नाही. त्यांनी फक्त तिच्या हातावर, तिच्या त्या मनगटावर, आपला दुसरा हात ठेवला आणि होकाराची मान हलवली. मी त्या माणसाबरोबर वीस वर्षं संसार केला होता. त्या दिवशी मला तो नव्यानं दिसला.

संध्याकाळी गिरिजानं काही जाहीर केलं नाही. मीनलताईंच्या गळ्यात पडली, चुलीवरच्या पातेल्यांचा निरोप घेतल्यासारखी एकेकावरून हात फिरवून आली, आणि वाडीत पोचल्यावर आपली सॅक आमच्या गाडीत टाकून पुढच्या सीटवर बसली. कोल्हापूरचं नाव तिनं काढलं नाही, आम्हीही काढलं नाही.

त्या रात्री चिपळूणला मुक्काम केला. सकाळी घाट चढायच्या आधी ह्यांनी एका हार्डवेअरच्या दुकानासमोर गाडी थांबवली. आत गेले, बराच वेळ फोनवर बोलताना दिसले, आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. विचारायची मला छाती झाली नाही.

दुपारी घरी पोचलो. पाणीसुद्धा न पिता ह्यांनी पेचकस काढला. कागद सोडला. आत पितळेची नवी कडी होती, चकचकीत, चांगली जाडजूड.

“अहो,” मी त्यांना ऐकू जाईल एवढंच म्हणाले, “डॉक्टरीणबाईंना विचारलंत का?”

“सकाळी त्या दुकानातनं त्यांनाच फोन केला.”

“काय म्हणाल्या?” गिरिजानं मागून विचारलं.

“म्हणाल्या, आधी तुझ्याशी बोलायचं.” हे पेचकस हातात धरून तिच्यासमोर उभे राहिले. “कडी तुझी. उघडायची तवा उघड, लावायची तवा लाव. पण बाहेरनं टिचकी वाजली की ओ द्यायची. एवढं कबूल कर मला.”

“कबूल,” गिरिजा म्हणाली. “आणि जास्तच वाईट वाटायला लागलं तर मी टिचकी मारीन. आतून.”

ह्यांनी भुसा झालेल्या भोकाशेजारी नवी जागा धरली आणि एकेक स्क्रू पिळून बसवला. कडी सरकवून पाहिली. मागे घेतली. मग बाहेर आले आणि दारापासून दूर झाले.

गिरिजा आत गेली. दार लागलं.

खट्‌.

त्या आवाजाला मी दिवाळीपर्यंत रोज घाबरले होते, आणि पुढे हिवाळाभर त्याच्या नुसत्या आठवणीला. आज तो आम्हीच विकत आणून दिला होता. हे स्टुलावर बसले. मी भिंतीला टेकले. आतून काही ऐकू येत नव्हतं. ह्यांचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता, पोटरीची शीर तटतटलेली दिसत होती. टिचकी मारायला त्यांचा हात दोनदा वर उचलला गेला आणि दोनदा त्यांनी तो मांडीवर ठेवला.

मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आधी दाराशी, मग खोलीच्या मध्ये, मग पलीकडे खिडकीखालच्या टेबलापाशी. तिथं ती थांबली.

ह्यांनी पाय उचलला. स्टुलावरून उठले, स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि हात धुवायला गेले.

“वाढ गं नंदा,” तिकडून म्हणाले. “भूक लागलीय.”